कूलंट स्वतः बदललं, मॅन्युअल म्हणतं ६ लिटर, आत गेलं साडेतीनच. बाकीची जागा कुठे गेली?

खटपट्या
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज स्वतःच गोत्यात आलोय म्हणून लिहितोय.

गाडी पेट्रोल, सेकंडहँड, माझ्याकडे येऊन सातआठ महिने झाले. आधीच्या मालकाने कूलंट कधी बदललं होतं काही पत्ता नाही. परवा सहज बॉनेट उघडून टाकीत डोकावलो तर आतलं पाणी चक्क विटकरी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बोटाला गाळ. म्हटलं एवढं काय त्यात, दोन व्हिडिओ बघितले आणि सुट्टीच्या दिवशी बसलो घेऊन.

काय केलं ते सांगतो. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन थंडगार. रेडिएटरच्या खालची प्लॅस्टिकची चावी सोडली, खाली टब, सगळं विटकरी पाणी काढलं. मग साधं नळाचं पाणी भरलं, वीसेक मिनिटं इंजिन चालू ठेवलं, थंड होऊ दिलं, परत काढलं, असं तीनदा. तिसऱ्या वेळी बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आलं. मग तयार कूलंट ओतलं, डब्यावर लिहिलंय ५०:५० (अर्धं कूलंट, अर्धं पाणी), वर पाणी मिसळू नये. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता ६ लिटर म्हणून मी सहा लिटर आणून ठेवलेलं. साडेतीन लिटर गेलं आणि तोंडापर्यंत आलं! अडीच लिटर तसंच पडून आहे.

तेव्हापासून डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज येतो, सकाळी जास्त, आत कोणीतरी अर्धी भरलेली बाटली हलवतंय असा. हीटर लावला तर गाडी पळत असताना गरम हवा आणि सिग्नलला उभं राहिलं की गार. टाकीतली पातळीही दोन दिवसांत बोटभर उतरली. ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला काही होत नाही, चालव. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) तर गेलं नाही ना? झोप उडालीय राव.

नटबोल्ट
गॅस्केट वगैरे लगेच नको रे. हवा अडकलीय. खळखळ म्हणजे हीटर कोअरमधून (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) पाणी आणि हवा एकत्र फिरतायत. गाडी पळताना इंजिनाचे फेरे जास्त, वॉटर पंप जोरात ढकलतो म्हणून हीटरपर्यंत गरम पाणी पोचतं, उभं राहिलं की पंप मंदावतो आणि हवेचा फुगा मध्ये आडवा येतो. पातळी उतरली म्हणजे थोडी हवा आपोआप बाहेर निघाली आणि तिची जागा कूलंटने घेतली. एअर ब्लीड कर, म्हणजे ती अडकलेली हवा बाहेर काढ, बरं वाटेल.

अंदाजपंचे
मी तर म्हणतो कशाला एवढी यातायात. आमच्या जुन्या गाडीत वडिलांनी आयुष्यभर साधं पाणी घातलं, काही झालं नाही. आणि शास्त्रीयदृष्ट्या बघायचं तर उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. कूलंट म्हणजे रंगीत पाणी विकायचा धंदा.

जुना_हात
अंदाजपंचे साहेब, तुमचं अर्धं खरं आहे म्हणूनच ते धोक्याचं. चाळीस वर्षं हात काळे केलेत, साध्या पाण्यावर चाललेल्या गाड्यांचे वॉटर पंप उघडून बघितलेत मी. पंपाची पाती असतात ना, ती खाऊन खाऊन नुसता दांडा उरलेला. वडिलांच्या गाडीचा ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) बिडाचा असणार आणि रेडिएटर तांब्यापितळेचा, जाडजूड. गंज धरला तरी वर्षानुवर्षं पुरून उरायचा. आता हेड (इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, नळ्या कागदासारख्या पातळ. नळाच्या पाण्यातलं क्लोराईड ॲल्युमिनियमला बारीक बारीक भोकं पाडतं आणि त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार नेमका सगळ्यात गरम जागी म्हणजे हेडमध्ये जाऊन बसतो.

खटपट्या, तू पोरा एक चूक केलीस ती कोणी बोललं नाही अजून. साडेतीन लिटर का गेलं? कारण अडीच लिटर पाणी अजून आत आहे. चावी सोडल्यावर रेडिएटर रिकामा होतो, ब्लॉक आणि हीटर कोअर नाही होत. म्हणजे तू कूलंट घातलंस ते त्या अडीच लिटर नळाच्या पाण्यात.

खटपट्या
अरे देवा. काका, व्हिडिओत तर असं कोणी सांगितलं नाही. म्हणजे आता माझं ५०:५० नाहीच आहे?

काटेकोर
हिशेब करू. एकूण ६ लिटर. त्यात तयार कूलंट ३.५, म्हणजे ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन) १.७५ लिटर. १.७५ भागिले ६ बरोबर साधारण २९%. तुझ्या गाडीत २९% आहे, ५०% नव्हे.

याचा परिणाम तीन ठिकाणी. गोठणबिंदू: ५०% ला साधारण उणे ३७ अंश, २९% ला उणे १५ च्या आसपास. कडक थंडीच्या जागी गाडी असेल तर हाच फरक ब्लॉक फोडतो, पाणी गोठताना फुगतं. उत्कलनबिंदू: फरक आहे पण फार मोठा नाही. ५०% मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि सिस्टिममध्ये एक बार दाब असेल तर १२९ पर्यंत तग धरतं. नुसतं पाणी त्याच दाबाखाली १२० ला उकळेल, तुझं २९% वालं मधे कुठेतरी. तिसरं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गंज रोखणारी रसायनं त्या ग्लायकॉलसोबत येतात, ती पण त्याच प्रमाणात पातळ झाली. वर नळाच्या पाण्याचे क्षार आहेतच.

अंदाजपंचेंच्या मुद्द्यावर: पाण्याची विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, ज्यूलमध्ये) ४.१८, ५०:५० मिश्रणाची ३.५ च्या आसपास. म्हणजे पाणी खरंच जास्त उष्णता वाहतं. रेसिंगच्या बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदीच असते कारण सांडलं की रस्ता निसरडा होतो, तिथे पाणी अधिक गंजरोधक घालतात. पण ते इंजिन वरचेवर उघडलं जातं. आपण दहा वर्षं उघडत नाही.

अंदाजपंचे
मान्य. माघार घेतो, पण "रंगीत पाण्याचा धंदा" मागे घेत नाही :) एक डबा हिरवा, एक गुलाबी, एक निळा, एक नारिंगी आणि सगळ्यांवर लिहिलेलं "सर्व गाड्यांसाठी". हा काय प्रकार?

शंकेखोर
हेच विचारायला आलो होतो. माझ्या टाकीत हिरवं आहे, घरात गुलाबी डबा पडलाय. टॉपअप करू का?

काटेकोर
रंग हा फक्त रंग आहे. बनवणारा घालतो तो, गळती दिसावी आणि पाण्याशी गल्लत होऊ नये म्हणून. दोन कंपन्यांचं गुलाबी आतून पूर्ण वेगळं असू शकतं. बघायचं ते आतली रसायनं. ढोबळ तीन घराणी: जुनं अकार्बनी, म्हणजे सिलिकेट-फॉस्फेटवालं, ते धातूवर थर चढवतं आणि लवकर संपतं, दोनेक वर्षांत बदलायचं. दुसरं सेंद्रिय आम्लांचं, ते जिथे गंज धरायला लागतो तिथेच काम करतं म्हणून टिकतं, पाच वर्षं किंवा जास्त. तिसरं दोघांचं मिश्रण. आणि मिश्रणातही गंमत, जपानी कंपन्या फॉस्फेट घालतात आणि सिलिकेट टाळतात कारण पंपाच्या सीलला त्रास होतो म्हणतात, युरोपियन कंपन्या फॉस्फेट टाळतात कारण तिथल्या जड पाण्यात फॉस्फेटचा क्षार बनतो, सिलिकेट चालतं.

शंकेखोर, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये एक स्पेसिफिकेशन नंबर असेल. तो नंबर डब्याच्या मागे छापलेला आहे का बघा. आहे तर ओता, मग रंग जांभळा असला तरी. नाही तर नुसतं डिस्टिल्ड वॉटर घाला थोडं, ते कुठल्याही घराण्याशी भांडत नाही.

शंकेखोर
मिसळलं तर नक्की काय होतं? एक जण म्हणतो जेली होते, एक म्हणतो काही होत नाही.

जुना_हात
दोन्ही बघितलंय. बहुतेक वेळा डोळ्याला काही दिसत नाही, नुसतं आयुष्य कमी होतं, पाच वर्षांचं कूलंट दोन वर्षांवर येतं. काही जोड्या मात्र खरंच चिकट गोळा होतात. एका गाडीचा हीटर कोअर काढला होता, आतून तपकिरी चिखल, वाऱ्याचा दाब मारला तरी हलेना. कुठली जोडी तशी वागेल हे बाटली बघून सांगता येत नाही, म्हणून मी मिसळतच नाही. काचेच्या बरणीत दोन्ही थोडं थोडं घालून रात्रभर ठेवून बघणारे लोक आहेत, पण बरणीत काही झालं नाही म्हणजे ११० अंशाला पण होणार नाही असं नाही ना.

मनीची_आई
मध्येच बोलते, राग मानू नका. खटपट्या, ते काढलेलं जुनं कूलंट कुठे आहे आत्ता?

खटपट्या
टबातच आहे ताई, पार्किंगच्या कोपऱ्यात. पहिलं विटकरीवालं आणि नंतरचं धुवणाचं पाणी सगळं एकत्र. का?

मनीची_आई
उघडं??? आधी उठा आणि झाका, बाकी धागा नंतर वाचा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री मांजरं चाटतात. चार किलोच्या मांजराला सहा मिलि म्हणजे एक चमचाभर शुद्ध ग्लायकॉल जीव घ्यायला पुरतं. शरीरात गेलं की त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, कॅल्शियमशी मिळून खडे होतात आणि मूत्रपिंड बंद पडतं. सुरुवातीला प्राणी नुसता झिंगल्यासारखा चालतो, मग बरा वाटतो, आपल्याला वाटतं गेलं संकट, आणि दोन दिवसांनी संपतं सगळं. उतारा आहे पण पहिल्या काही तासांतच द्यावा लागतो. लहान मुलांनाही तेच. माझी पहिली मनी अशीच गेली, शेजारच्या गाडीखाली साचलेल्या थारोळ्यातून. म्हणून एवढं लिहिलं.

खटपट्या
ताई झाकलं. आत्ताच खाली जाऊन झाकणवाल्या दोन कॅनमध्ये भरलं, फरशी पाण्याने धुतली आणि पुसली. खरंच डोक्यात नव्हतं आलं. वाईट वाटलं मनीचं.

नटबोल्ट
कॅनवर मोठ्या अक्षरात "विष - कूलंट" लिही, पाण्याची बाटली समजून कोणी उचलायला नको. आणि गटारात किंवा झाडात ओतू नकोस, वापरलेल्या कूलंटमध्ये इंजिनातले धातू उतरलेले असतात. जुनं ऑईल जे वर्कशॉप गोळा करतं त्यांना विचार, बरेच जण हे पण घेतात, फक्त ऑईलमध्ये मिसळून देऊ नको, वेगळं दे.

जुना_हात
ताईंनी योग्य वेळी टोकलं. आता मूळ कामाकडे.

खटपट्या, परत काढावं लागेल सगळं, इलाज नाही. पण यावेळी नळाचं पाणी नाही, डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत टॉपअपला जे पाणी घालतात ते चालेल, फक्त लेबल नीट वाच, त्याच रांगेत ॲसिडच्या बाटल्या पण ठेवलेल्या असतात. आणि तयार ५०:५० नाही घ्यायचं, कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) घ्यायचं, त्याच स्पेसिफिकेशनचं.

काटेकोर
परत हिशेब, कारण इथे तो उपयोगाचा आहे. दरवेळी ६ पैकी ३.५ निघतं, २.५ राहतं, म्हणजे जुन्याचा ४२% भाग उरतो. डिस्टिल्डने एकदा धुतलं तर ४२, दोनदा १७, तीनदा ७%. तीनदा केलंस की आत राहिलेलं अडीच लिटर जवळजवळ डिस्टिल्डच समज. मग शेवटचं काढून झालं की रिकामी जागा साडेतीन लिटरची, त्यात आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट, वर अर्धा लिटर डिस्टिल्ड. एकूण ६ मध्ये ३. झालं ५०%.

हे गणित जमतं कारण तुझ्या गाडीत निम्म्याहून जास्त निघतंय. ज्यांच्या गाडीत निम्म्याहून कमी निघतं त्यांना ब्लॉकचा ड्रेन बोल्ट शोधावा लागेल किंवा रेडिएटरचा खालचा होस (रबरी नळी) सोडावा लागेल, नाहीतर पन्नास टक्क्यांना पोचणारच नाही.

अंदाजपंचे
मग थेट १००% कॉन्सन्ट्रेट का नको? जास्त चांगलं ना?

काटेकोर
नाही. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, पाण्यात मिसळल्यावर उलट खाली जातं, साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास सगळ्यात खाली. आणि उष्णता वाहून न्यायला शुद्ध ग्लायकॉल पाण्यापेक्षा फारच कमजोर. जास्त घट्ट केलंस तर इंजिन गरमच चालेल.

लांबपल्ला
धागा भारी चाललाय. मी मोठ्या डिझेलवर काम करतो, तिकडचं थोडं. आमच्या इंजिनात लायनरला (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) बाहेरून थेट कूलंट लागतं, ओले लायनर. स्फोटाच्या हादऱ्याने लायनर थरथरतो, कूलंटमध्ये सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना लोखंडाला टोचे मारतात. लायनर काढला तर बाहेरून सुईने टोचल्यासारखा दिसतो, आरपार भोक पडलं की कूलंट थेट ऑईलमध्ये. म्हणून जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये नायट्राईट वगैरेचं वेगळं ॲडिटिव्ह टाकून दर सर्व्हिसला पट्टीने तपासतो. कारवाल्यांनी हे कारमध्ये घालायचं नाही, उगाच कोणी दुकानातून उचलाल.

शंकेखोर
एअर ब्लीड कसं करायचं ते कोणी सविस्तर लिहील का? "ब्लीड कर" सगळे म्हणतात, कसं ते कोणी सांगत नाही.

जुना_हात
लिहितो. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, काहींना तर मशिनने आतली हवा ओढून निर्वात करून भरावं लागतं, म्हणून मॅन्युअल आधी. खटपट्याने रेडिएटरच्या तोंडातून भरलंय असं दिसतंय, त्याच्यासाठी लिहितो.

गाडीचं नाक वर पाहिजे. चढावर उभी कर, हँडब्रेक ओढ, चाकाला दगड लाव. रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच जागा झाली की हवा तिकडेच येणार. इंजिन थंड. त्या तोंडावर घट्ट बसणारं उंच नरसाळं लाव, नरसाळ्यात चार बोटं कूलंट राहू दे. हीटर पूर्ण गरमवर, पंखा बारीक. मग इंजिन चालू कर.

सुरुवातीला मोठे मोठे बुडबुडे येतात, मग थांबतात. इथे लोक उठून जातात आणि इथेच चुकतं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) अजून बंद आहे. वरच्या होसला हात लावत राहा, बराच वेळ कोमटच असेल आणि मग एकदम, मिनिटभरात, चटका बसेल इतका गरम होईल. ८५-९० अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला. त्या क्षणी नरसाळ्यातली पातळी गपकन खाली जाते आणि मागून हवेचा मोठा ढेकर येतो. लगेच भर. जाड हातमोजे घालून वरचा होस दोनचार वेळा दाब आणि सोड, कोपऱ्यातले फुगे निघतात. रेडिएटरचा पंखा लागून बंद होईपर्यंत चालू ठेव, दोन फेऱ्या. हीटरची हवा इंजिन मंद असतानाही गरम यायला लागली की हवा निघाली समज. मग बंद, नरसाळ्याला बूच, पूर्ण थंड होऊ दे, मग कॅप. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर बाजूच्या कूलंटच्या बाटलीतली (टाकीतली) पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये करायची.

ज्यांच्या गाडीत दाबाची प्लॅस्टिक टाकी असते, रेडिएटरला तोंडच नसतं, त्यांना होसवर कुठेतरी ब्लीडचा स्क्रू असतो. तो थोडा सैल करायचा, फसफस संपून अखंड धार आली की बंद. प्लॅस्टिकचा असतो, पिळू नका, तुटतो.

नटबोल्ट
काकांच्या लिखाणात भर: इंजिन गरम असताना कॅप उघडू नका, नका, नका. कॅप दाब धरून ठेवते म्हणून आतलं कूलंट ११५ अंशालाही पाणीच असतं. तुम्ही कॅप फिरवली की दाब शून्य, आणि त्याच सेकंदाला सगळं एकदम उकळतं. माझ्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहे, वीस वर्षं झाली. "फडकं धरून हळूच सोडतो" असंच म्हणालो होतो मी पण.

शंकेखोर
आणि रस्त्यात काटा वर गेला तर?

नटबोल्ट
एसी बंद, हीटर फुल गरम (हो, घाम येऊ दे, तो छोटा रेडिएटरच आहे), सुरक्षित जागी बाजूला, इंजिन बंद. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडून वाट. गरम इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेड वाकतं. थंड झाल्यावर कमी असेल तर पिण्याचं पाणी घालून घरी आणा, अडचणीत सगळं चालतं, नंतर बदला.

आणि काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर रोखून ठेवलेला असतो, आत तापमान बरंच इकडेतिकडे झालं तरी तो हलत नाही. कूलंटच निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो, आणि मग काटा उलट खालीही येऊ शकतो. वाफा येतायत आणि काटा गार, असं बघितलंय. ओबीडीचा (गाडीच्या संगणकाला जोडायचा) छोटा डोंगल लावून खरा आकडा मोबाईलवर बघा, वाईट नाही.

खटपट्या
मंडळी, अपडेट.

रिफ्रॅक्टोमीटर (कूलंट किती अंशांना गोठेल ते दाखवणारं यंत्र) आणला एका मित्राकडून. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, निळी-पांढरी रेघ जिथे मिळते तो आकडा. माझी रेघ उणे १५ च्या जरा खाली. काटेकोर साहेब, साष्टांग नमस्कार. मी तर थेंब टाकायच्या आधी मनात म्हणत होतो की एवढं थोडंच तंतोतंत येणार आहे.

अख्खा दिवस गेला. तीनदा डिस्टिल्ड, दरवेळी हीटर फुल लावून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायचं, मग थंड व्हायची वाट, तेवढ्यात शेजारचे तिघे येऊन सल्ला देऊन गेले. तिसऱ्या वेळचं पाणी पांढऱ्या बाटलीत धरलं तर स्वच्छ. मग ३ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि वर डिस्टिल्ड. आणि काका, तो ढेकर!! तुम्ही लिहिलं होतं अगदी तसाच, पातळी गपकन गेली आणि मागून गडगड. मी घाबरून मागे झालो. खळखळ बंद. सिग्नलला पण हीटर गरम.

पण एक नवीनच दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं तर वरचा होस चपटा, मधून आत ओढल्यासारखा. कॅप सैल केल्याबरोबर सुस्स करून हवा आत गेली आणि होस परत गोल झाला. हे काय आता?

जुना_हात
कॅप गेली. कॅपमध्ये दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगवाली दाब जास्त झाला की बाटलीकडे सोडते. मधली छोटी, बटणाएवढी, ती उलट दिशेची. इंजिन थंड होताना कूलंट आकसतं, आत पोकळी होते, तेव्हा ती उघडून बाटलीतून कूलंट परत ओढून घेते. तुझ्या आधीच्या त्या विटकरी गाळाने ती चिकटलीय. मग बाटलीतून काही येत नाही आणि होस आत ओढला जातो. नखाने ती बारकी चकती ओढून बघ, मोकळी हलायला पाहिजे. बाटलीकडे जाणारी बारीक रबरी नळी पण फुंकून बघ, कधी कधी तीच तुंबलेली असते.

धुवून वापरू नको, नवीन घे, आणि जुन्या कॅपवर जो दाबाचा आकडा आहे, ०.९ किंवा १.१, तोच. जास्त आकड्याची लावली म्हणजे जास्त चांगली असं नाही, जुना होस कुठेतरी सुटेल.

खटपट्या
चकती खरंच हलत नव्हती. नवीन लावली, १.१. होस गोल. धन्यवाद काका.

अंदाजपंचे
मीही काल आमच्या गाडीतलं पाणी काढलं, गंजाचा रंग बघून घरच्यांसमोर गप्प बसलो. वाचनखूण साठवली. हलके घ्या.

शंकेखोर
अवांतर: हायब्रीडमध्ये पण असंच का? चुलतभावाकडे आहे.

काटेकोर
हायब्रीड आणि इलेक्ट्रिकमध्ये इन्व्हर्टरचं, बॅटरीचं वेगळं कूलंट सर्किट असू शकतं, स्वतःची टाकी, स्वतःचा पंप. काहींना वीज कमी वाहणारं खास कूलंट लागतं. तिथे अंदाजाने काही ओतू नये, आणि नारिंगी जाड वायरच्या आसपास घरी हात घालू नये. त्याला वर्कशॉपमध्येच पाठवा.

खटपट्या
पंधरा दिवसांनी धागा वर काढतोय. रीडिंग उणे ३६, पातळी सकाळी थंड असताना रोज एकाच रेघेवर (टाकीवर मार्करने खूण केलीय). दोन्ही कॅन एका वर्कशॉपने घेतले, ऑईलवाल्या पिंपाशेजारी वेगळं पिंप होतं त्यांचं.

फक्त एक शंका. टॉर्च मारून खाली बघत होतो तर वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक आहे आणि त्याच्याखाली वाळलेला गुलाबीसर पांढरा ओघळ. बोटभर लांब. हात लावला तर कोरडा, खडूसारखा. पातळी कमी होत नाहीये. काळजी करू का?

जुना_हात
ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिरपायला लागलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. गुलाबी आहे म्हणजे तुझ्या नव्या कूलंटचंच आहे, जुनं असतं तर विटकरी असतं. नवीन सील किंचित सोडतं कधी कधी, तुझ्याकडे जुन्या गाळाने धरून ठेवलेलं सील आता उघडं पडलंय असंही असेल.

ओल्या फडक्याने पुसून टाक, फोटो काढ, तारीख लिही. पाचशे किलोमीटरनंतर परत बघ. कोरडं राहिलं तर राहू दे. परत ओघळ आला तर पंपाची वेळ झाली, आणि तुझ्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टपण त्याच वेळी बदलून घे, दोनदा उघडायला लावू नकोस. आणि पंप बदलताना निघालेलं कूलंट स्वच्छ टबात धरायला सांग, पंधरा दिवसांचंच आहे ते, परत घालता येईल.

खटपट्या
पुसलं, फोटो काढला. ओडोमीटरचा आकडा त्याच फोटोत यावा म्हणून मुलाला आत बसवून मोबाईलवर वाचायला लावलं, तो ओरडून सांगत होता आणि मी खाली झोपून टॉर्च धरून. पाचशे झाले की इथेच टाकतो.